हात न लावता धरायचा मासा

मामा,
जावयाचा नमस्कार.

तुम्हाला जाऊन वर्ष होऊन गेलं. लिहावं लिहावं म्हणत होतो, पण गेलेल्या माणसाच्या पत्राला पत्ता काय घालायचा, असं वाटून कागद तसाच ठेवून द्यायचो. काल मात्र राहवलं नाही.

काल लातूरच्या मासळी बाजारात गेलो होतो. आता इथं बर्फात घालून समुद्राची मासळी येते. एक तरणा विक्रेता ओरडत होता, "तारली घ्या, समिंदराची तारली." मी थांबलो. पाटीतला एक मासा उचलला, उलटा केला आणि गळ्यापासून शेपटीकडं पोटावर बोट फिरवलं. बोटाला करवतीसारखं लागलं.

"बाबा, ही तारली न्हाई. हे पेडवे हाईत."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "काका, तुमी कुठले?"

"देवणीकडला."

"मग तुमाला काय ठावं समिंदराचं?"

"माझ्या सासऱ्यानं शिकवलंय," मी म्हणालो. पाव किलो घेतले आणि घरी आलो. सुनंदानं पिशवी उघडून बघितली. तुमची लेक आहे, न विचारता कळतं तिला.

मामा, तुम्हाला आठवतं का, मी तुमच्या वाडीत पहिल्यांदा आलो ते? मलेरिया खात्याची नोकरी. गळ्यात पिशवी, पिशवीत काचा नि सुया. दारोदार जायचं, ताप कुणाला आहे विचारायचं, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा. मालवणच्या खालच्या अंगाला तुमची ती किनाऱ्यावरची वाडी. मी तोवर समुद्र फक्त नकाशात बघितलेला. तुमच्या ओट्यावर सुनंदा गोधडी पांघरून बसली होती. मी विचारलं, "लई ताप हाय का?" तर ती तापातसुद्धा हसली. "लई" हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला होता म्हणे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्हाला ते मान्य नव्हतं, हेही मला माहीत होतं. आम्ही बौद्ध, तुम्ही दर्यावरचे गाबीत. वाडीत कोण काय म्हणेल, धाकट्या भावाच्या पोरींना स्थळं येतील का, ही फिकीर तुम्हाला होती. मला तुमचा राग यायचा, पण ती फिकीर खोटी होती असं मी आजही म्हणत नाही.

बोलणी करायला माझी माय देवणीहून दोन दिवसांचा प्रवास करून आली. तुम्ही माझ्या भाड्याच्या खोलीवर आलात, एवढं मात्र केलंत. मायनं तुमच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तुम्ही तासभर बसलात, नाही म्हणालात, उठलात. तांब्याला हात लावला नाहीत. तुम्ही गेल्यावर तिनं ते पाणी दारातल्या माडाच्या मुळाशी ओतलं. तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं का कधी?

आम्ही रजिस्टर लग्न केलं. तुम्ही आला नाहीत. मामी मागच्या दारानं यायच्या, लेकीला भेटून जायच्या. तुम्ही रस्त्यात दिसलात की समुद्राकडं बघत निघून जायचात. समुद्र सगळीकडंच होता, त्यामुळं तुमची सोय होती.

पण आमच्या लग्नाची शिक्षा तुम्हालाच जास्त झाली. तुमचा पुतण्या बाबल तुमच्या होडीवर असायचा. त्याच्या सासरच्यांनी त्याला सांगितलं, ह्या माणसाबरोबर जाऊ नकोस. तो गेला दुसऱ्याच्या होडीवर. तुमचे चिरंजीव, विजूभाऊ, तेव्हा शिकायला मुंबईत. सुरमईचे दिवस आले, गळाला लावायला जिवंत मासा हवा, आणि तुमच्या होडीत यायला माणूस नाही. पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, एकट्यानं टाकता येतो, पण एकानं पाग ओढायचा तर दुसऱ्यानं मासे झेलायचे आणि जिवंत ठेवायचे. दोन माणसांशिवाय ते काम होत नाही.

एका संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात. सुनंदाच्या हातातलं भांडं खाली पडलं. तुम्ही तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणालात, "आयतवारी सुट्टी असता मां तुका?"

"हाव," मी म्हणालो. "म्हणजे, हो."

"पवांक येता?"

"न्हाई. पोहता येत न्हाई."

"मगे बरां. होडयेतच ऱ्हवतलंस."

मी कितीदा विचार केला, तुम्ही मलाच का बोलावलंत? दुसरं कुणी नव्हतं म्हणून, की हा कोरड्या मुलखातला गडी दोन लाटांत घाबरून पळेल असं वाटलं म्हणून? विचारायचं धाडस झालं नाही. आता विचारून काय उपयोग?

पहिल्या रविवारी उजाडताना निघालो. तुम्ही वल्हं मारत होतात, मी मधोमध दोन्ही काठ घट्ट धरून बसलेलो. समोर अर्धं कापलेलं पत्र्याचं गोल पिंप, त्यात समुद्राचं पाणी. दर्या सपाट होता. थोड्या अंतरावर मात्र एका जागी पाणी बारीक बारीक उडत होतं. वर पांढरी पाखरं घिरट्या घालत होती.

"मामा, तिकडं पाऊस पडायलाय," मी म्हणालो.

तुम्ही वल्हं थांबवलंत, तिकडं बघितलंत आणि हसलात. तुम्हाला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"पाऊस नाय रे. पेडवे ते."

मग तुम्ही सांगायला लागलात, माझ्याकडं न बघता, जणू पाखरांनाच सांगत होतात. असे थेंब पडल्यासारखे दिसले की पेडवे. लांब लांब रेघा उमटल्या की बांगडा. पाखरं नुसती फिरत असली तर मासा खाली आहे, सूर मारायला लागली की वर आला. वल्हं पाण्यात हळूच उतरवायचं, आपटायचं नाही, नाहीतर सगळा थवा एका क्षणात खाली जातो.

तुम्ही नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, उभे राहिलात, पागाची कड दातात धरलीत, अंगाला अर्धा वळसा दिलात आणि पाग सोडलात. तो हवेत गोल उघडला आणि सगळ्या कडेनं एकदम पाण्यावर पडला. होडी डुलली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाग होडीच्या अंगाशी आला होता आणि त्यात पाणी उकळल्यासारखं होत होतं.

"पाण्यासकट घे. बादली खालसून घाल. हात लावा नको."

पण मी हात लावला, मामा. एक मासा बादलीबाहेर निघालेला, मी पकडून पिंपात टाकला. मग आणखी दोन, मग चार. तळहाताला चांदीचा वर्ख लागल्यासारखी खवलं चिकटली. मला बरंच वाटलं, आपण काम करतोय म्हणून. सुरमईच्या जागेवर पोचलो तोवर पिंपातले निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. तुम्ही फक्त माझा हात धरून मला दाखवलात. "ही खवलां बघ. ही तेची कातडी. तुजी कातडी काढल्यार तू जगतलंस?"

मला वाटतं, तुम्ही माझ्या अंगाला हात लावण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढच्या रविवारी मी शिकलो. पिंप गोलच का पाहिजे तेही कळलं, चौकोनी टपात मासे कोपऱ्यात जाऊन तोंडं आपटून मरतात. गोल पिंपात ते एकाच दिशेनं फिरत राहतात. पाणी सतत बदलायचं, पण माशांना कळू न देता. तांब्या कडेनं बुडवायचा, जुनं पाणी काढायचं, नवं कडेनंच सोडायचं. पोटावर बोट फिरवून पेडवा आणि तारली वेगळी करायची, तीही मेलेल्यांतच. जिवंत असताना नुसत्या नजरेनं. पेडवा चपटा, तारली गोलसर, कल्ल्यामागं सोनेरी झाक. तुमचं मत होतं की तारली नाजूक, रागावून मरते. पेडवा जरा सोसतो. लहान बांगडा मिळाला तर देव पावला.

एकदा मी विचारलं, "एवढं जपायचं, आणि शेवटी गळालाच लावायचं?"

तुम्ही पेडव्याच्या नाकातून बारीक गळ ओवत होतात, त्याला दुखू नये अशा बेतानं. हात न थांबवता म्हणालात, "व्हय. म्हणानच जपूचा."

ह्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे, मामा. अजून पुरता कळलेला नाही.

त्या दिवशी मोठी सुरमई लागली. दोघांनी मिळून ओढली. किनाऱ्यावर आलो तर लिलावाला माणसं जमलेली. बाबलही होता. कुणीतरी मुद्दाम विचारलं, "होडयेत कोण तुमच्या?" सगळे बघायला लागले. तुम्ही जाळं खांद्यावर टाकलंत आणि म्हणालात, "माजो जावय."

एवढंच म्हणालात आणि चालायला लागलात. मी मागं सुरमई घेऊन. घरी आल्यावर सुनंदाला सांगितलं, तर ती तोंडाला पदर लावून रडत बसली. तुम्हाला वाटलं असेल, साधा शब्द आहे. आम्ही दोघं त्याची तीन वर्षं वाट बघत होतो.

मग इकडं लातूर जिल्हा नवा झाला. नवी कार्यालयं, नव्या जागा. त्याच सुमारास आमच्याकडं पाऊस रुसला तो रुसलाच. माय गावात एकटी. मी बदली मागितली आणि मिळाली. तुम्हाला सांगायला आलो तेव्हा तुम्ही अंगणात जाळं शिवत होतात.

"थंय पाणी नाय म्हणतत."

"दुष्काळ हाय, मामा."

"मगे माज्या चेडवाक थंय कित्या नेतंस?"

"तुमच्या लेकीला न्यावंच लागतंय, माय एकटी हाय."

तुम्ही पाठ फिरवलीत आणि शिवत राहिलात. एसटीवर सोडायलाही आला नाहीत. सुनंदा गाडी सुटेपर्यंत खिडकीतून वाटेकडं बघत होती. हे तुम्ही करायला नको होतं. आज एवढ्या वर्षांनी सांगतो, पण सांगतो.

नंतर एक दिवस तुम्ही न कळवता लातूरला आमच्या दारात आलात. खांद्यावर सुक्या मासळीचं गाठोडं, हातात नारळांची पिशवी, तीन गाड्या बदललेल्या. येताना पुलावरून नदी बघितली होती तुम्ही. आल्या आल्या पहिला प्रश्न तोच. "ती काय नदी? तेच्यात तर पोरां किरकेट खेळतत."

सुनंदानं चेहरा धुवायला अर्धी बादली दिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, जपून." आमच्याकडं नळ आठवड्यानं यायचा. तुम्ही ती बादली बघत बसलात. मग ओल्या हातानं तोंड पुसलंत आणि बादली तशीच परत दिलीत.

दुसऱ्या दिवशी म्हणालात, "तुज्या मायेक बघूचा आसा." मी जरा दचकलो. मग तुम्हाला देवणीकडं, गावी घेऊन गेलो, सुनंदाही आली.

घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, माय पाण्याला गेली. आम्ही नदीच्या पात्रात उतरलो. पात्रात नुसती वाळू. मायनं वाळूत हातभर झिरा उकरला होता. तळाला ओंजळभर पाणी साचायचं, ते वाटीनं उपसून घागरीत ओतायचं, परत साचायची वाट बघायची. तुम्हाला, तिच्या व्याह्यांना, बघून तिनं पदर सावरला.

"इवाई, कवा आलाव?"

तुम्ही चपला काढल्यात, वाळूत गुडघे टेकून बसलात आणि तिच्या हातातली वाटी मागून घेतलीत. माय उपसायची तेव्हा थोडं गढूळ यायचं. तुम्ही वाटी कडेनं बुडवलीत, हलकेच, आणि तळाचा गाळ हलला नाही. नितळ पाणी वर आलं. पिंपातलं पाणी बदलताना तुमचा हात असाच चालायचा. घागर भरेपर्यंत तुम्ही तिथून उठला नाहीत. घागर खांद्यावर घेतलीत ती घरापर्यंत कुणाला दिली नाहीत.

घरी मायनं तांब्या भरला. तुमच्यापुढं ठेवला नाही, हातात धरून उभी राहिली. माझी माय सरळ बोलणारी.

"इवाई, पेताव का आमच्यातलं? मागल्या टायमाला न्हाई पेलाव, म्हणून इचारते. पाणी थोडं हाय, वाया घालायला न्हाई."

मी खाली बघितलं. सुनंदाही हलली नाही.

"तेवां माका अक्कल नाय होती," तुम्ही म्हणालात. "दी."

तुम्ही तांब्या तोंडाला लावलात, अर्धा प्यालात, उरलेलं पाणी थेंब न सांडता परत मायच्या हातात दिलंत. आणि म्हणालात, "गोडा आसा."

माय म्हणाली, "गोडच असतंय वाळूतलं." मग भाकरी थापायला बसली. झालं. दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तुम्ही तिथं आठवडाभर राहिलात. रोज पहाटे दोघं झिऱ्यावर. दुपारी मायच्या गाईपाशी. चारा नव्हता, गाय हाडाला लागलेली, तरी माय तिला हातानं खरारा करायची. देवणी गाय कशी ओळखायची ते माय तुम्हाला शिकवायची. अंग पांढरं नि तोंडावर काळं असलं की वानेरा, म्हणून तिची गाय वानेरी, अंगावर काळे ठिपके असले की शेवरा. तुम्ही गावात फिरून प्रत्येक दावणीपाशी उभे राहायचात आणि संध्याकाळी मायपुढं परीक्षा द्यायचात. एकदा चुकलात तर माय म्हणाली, "इवाई, तुमी मासेच वळखा." तुम्ही एवढे हसलात की शेजारी बघायला आले.

तुम्ही तिला पेडवे सांगितलेत. पाण्यावर पाऊस पडल्यागत दिसतात म्हणालात. माय म्हणाली, "असं पाणी एकडाव बघाय पायजे." तुम्ही म्हणालात, "येवा." तिचं कधी येणं झालं नाही. आधी गाय, मग गुडघे.

परत जाताना उदगीरच्या स्टँडवर तुम्ही मला बाजूला घेतलंत. मला वाटलं, लेकीला परत कोकणात आण म्हणणार. तुम्ही म्हणालात, "सुनंदाक हंयच ऱ्हवांदे. मायेक एकटी सोडा नको." आणि गाडीत जाऊन बसलात. ह्यावेळी खिडकीतून तुम्ही बघत होतात.

पुढं पाऊस आला, दिवस गेले, पोरं झाली, मोठी झाली. गावात फोन आला तसं तुमचं नि मायचं बोलणं सुरू झालं. दोघांनाही कमी ऐकू यायचं. तुम्ही मालवणीत ओरडायचात, ती इकडून आमच्या बोलीत. आम्ही गावी असलो की मधे सुनंदा. "वानेरी कशी आसा?" हा तुमचा ठरलेला प्रश्न. ती गाय कधीच गेली होती, पण तिची कालवड होती, मग तिची कालवड. माय म्हणायची, "इवायाला सांग, झ्याक हाय."

शेवटच्या आजाराचं तुम्ही आम्हाला कळू दिलं नाहीत. विजूभाऊ म्हणाले, बाबांनीच सांगू नको म्हटलं. का, मामा? पोरगी लांबून धावत येईल म्हणून? ती धावत आलीच, फक्त तुम्ही डोळे मिटल्यावर. तिला ते लागलं आहे. मलाही.

आणि आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

तुम्ही गेलात तेव्हा माय खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेली होती. डॉक्टर म्हणाले, धक्क्याचं काही सांगू नका. आम्ही तिला म्हणालो, कोकणात लग्न आहे, जाऊन येतो. आलो. माय बरी झाली, काठी घेऊन चालायला लागली. पण आम्ही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. दर आठवड्याला मी गावी गेलो की ती विचारते, "इवायाचा फोन न्हाई आला?" मी म्हणतो, दर्यावर गेलेत. एवढ्या वयात? ती विचारते. मी म्हणतो, त्यांना कोण अडवणार. ती मान हलवते. परवा सुनंदाला म्हणाली, "तुझा बाप माझ्यावर रुसला का गं? मी काय बोलले का त्याला?"

मामा, तुम्ही रुसलात असं तिला वाटतंय.

उद्या सकाळच्या गाडीनं गावाकडं जातो. सुनंदाही येते आहे. मायजवळ बसेन आणि सांगेन, तुम्ही कधी गेलात, कसे गेलात, सगळं. ती मला शिव्या देईल. देऊ दे. मोठ्यानं रडेल, शेजारी गोळा होतील. होऊ दे. तिच्या इवायासाठी रडायचं तिचं होतं ते आम्ही वर्षभर अडवून ठेवलं. उद्या संध्याकाळच्या आत ते तिला मिळेल, हा माझा शब्द.

तुमचा जावई,
प्रल्हाद
लातूर